गल्लीभर किल्ल्या

नदीकाठची जुनी गावं बघत हिंडण्याचा छंद मला सौंदर्यदृष्टीमुळे लागला, असं आमच्या सोसायटीत कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एक तर सोसायटीत माझ्याबद्दल कोणी काही सांगणारच नाही; ते का, ते पुढे येईल. आणि दुसरं म्हणजे हा छंद मला लागला तो निव्वळ संशयामुळे.

संशय हा माझा पिंडच. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत मी जन्म काढला. टेबलावर आलेला प्रत्येक दाखला खोटा आहे असं धरून चालायचं आणि तो खरा निघाला की जरा खट्टू व्हायचं, अशी ती नोकरी. निवृत्त होऊन खारघरच्या फ्लॅटमध्ये बसलो तेव्हा टेबल सुटलं, सवय सुटली नाही. दूधवाला उशिरा आला तर कोणीही चिडेल. मी तो वेळेवर आला की बुचकळ्यात पडायचो. आज का बरं वेळेवर?

अशा माणसाच्या मुलीने एका रविवारी भेंडी चिरता चिरता सांगितलं की तिने लग्नाचं ठरवलंय. मुलगा तिच्याच फार्मसी कॉलेजातला. आठवड्याने तो घरी आला. दारात चपला काढल्या, त्या नीट लावल्या आणि जाता जाता माझ्याही नीट लावून गेला. बायको विरघळली. मला संशय आला. दुसऱ्याच्या चपला सरळ करणारं पोर या दिवसांत कुठे बघायला मिळतं? काहीतरी लपवत असणार.

"काय लपवणार तो?" बायको म्हणाली.

"ते कळलं असतं तर लपवलेलं कसं राहिलं असतं?"

"तुम्हाला ना, देव जरी भेटला तरी तुम्ही आधार कार्ड मागाल."

पण खरी गोम पुढेच होती. मुलाला मुंबईत नोकरी करायची नव्हती. त्याचं घर महाडला, सावित्रीच्या काठी, जुन्या बाजारपेठेत. पुढे औषधांचं दुकान, मागे आणि वर घर. लग्नानंतर आमची मुलगी तिकडे जाणार आणि दोघं मिळून दुकान चालवणार. आता लोक महाडहून खारघरला येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. खारघरहून महाडला राहायला गेलेला माणूस मी ऐकलाही नव्हता. कचेरीत अशी उलट्या दिशेने जाणारी फाइल आली की आम्ही ती बाजूला काढून ठेवायचो.

आणि महाड म्हणजे टीव्हीवर पावसाळ्यात दिसणारं, बाजारपेठेत होड्या चालणारं महाड! आम्ही मूळचे देशावरचे. टँकर सोडून एवढं पाणी एका जागी बघायची आम्हाला सवय नाही. एकुलती एक मुलगी अशा गावात द्यायची, तर निदान ते घर कसं आहे, माणसं कशी आहेत, पाणी आलं की तिला सोडून पळतील की हात धरतील, हे बघायला नको? म्हणजे चौकशी करायला नको?

चौकशी ही आमच्या घराण्याची कला. माझ्या आत्यांच्या लग्नांच्या वेळी वडील मुलाच्या गावी जाऊन आधी दाढी करून घेत. न्हावी, वाणी आणि पोस्टमन, एवढ्यांत गावाचा अर्क मिळतो, असा त्यांचा सिद्धांत. मुलाच्या घरी ते सगळ्यात शेवटी जात, तेव्हा त्यांना त्या घरात किती वाजता भांडणं होतात तेही ठाऊक असे.

मुलीला हा इतिहास ठाऊक होता. तिने मला सोफ्यावर बसवलं आणि बजावलं, "बाबा, चौकशी करायला जायचं नाही. मी त्याला पाच वर्षं ओळखते. तुम्ही तिकडे जाऊन न्हाव्याबिव्याला काही विचारलंत आणि ते त्याच्या घरी कळलं, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग मी रजिस्टर लग्न करीन आणि तुम्हाला फोटो व्हॉट्सॲप करीन."

"छे छे," मी म्हणालो, "मी कशाला जातोय!"

त्याच संध्याकाळी मी छंद लावून घेतला.

एकदम महाडला गेलो असतो तर पकडला गेलो असतो. म्हणून जेवताना विषय काढला. म्हटलं, या खारघरला सगळं नवं. डोंगर सोडला तर इथली सगळ्यात जुनी वस्तू मीच. निवृत्तीनंतर माणसाने जरा जुन्या बाजारपेठा बघाव्यात, नदीकाठ बघावेत. रायगड जिल्ह्यात कशी छान गावं आहेत, दर रविवारी एकेक करू.

मुलगी घास थांबवून माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर मी ओळखली. आमच्याच टेबलावरची होती. "तुम्हाला कधीपासून नद्या आवडायला लागल्या? पनवेलला गाढी नदी ओलांडताना तुम्ही काच वर करता."

"ती वासामुळे," मी म्हणालो.

पहिल्या रविवारी पेण. भोगावतीच्या काठचं गाव, गणपतींचं गाव. मे महिना होता. कारखान्याकारखान्यांतून रंग न दिलेले, डोळे न उघडलेले गणपती रांगेने बसलेले. त्यांच्यामधून जाताना मला फार सुरक्षित वाटलं, कारण कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. तेवढ्यात डोक्यात आलं की महाडला जाण्याआधी चौकशीचा थोडा सराव करावा. हात गंजलाय. मी बाजारपेठेतल्या एका जुन्या घरावरची पाटी वाचली, त्यावरचं नाव मनात धरलं आणि समोरच्या पोह्या-पापडवाल्याकडे जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, या घरातला मुलगा कसा आहे?"

"कुठला मुलगा?"

मी पाटीवरचं नाव सांगितलं.

पापडवाल्याने हातातला तराजू खाली ठेवला. "तुमचं काय काम होतं त्यांच्याकडे?"

"स्थळाचं बघत होतो."

त्याने मला नखशिखांत बघितलं आणि गल्लीत हाक मारली, "अहो आजोबा, तुमच्यासाठी स्थळ आलंय!"

समोरच्या ओट्यावर पेपर वाचणारे, तोंडात कवळी नसलेले एक गृहस्थ उठून उभे राहिले. मी पळालो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको सांगते की मी पापडाचं पाकीटसुद्धा तिथेच टाकलं आणि पुढच्या चौकातून गाडी काढताना मला रिव्हर्स सापडेना.

दुसऱ्या रविवारी नागोठणं. इथे मी चौकशी केली नाही. अंबा नदीवरचा जुना दगडी पूल बघितला. बायको त्या पुलाच्या कठड्याशी बसली आणि उठायलाच तयार होईना. पलीकडे बाजाराच्या कौलांवर दुपार पसरली होती. एक बाई नदीच्या पायऱ्यांवर गोधडी आपटत होती आणि तिचा आवाज कमानीखालून घुमून परत येत होता. "काय शांत आहे हो," बायको म्हणाली. मलाही बरं वाटत होतं. आणि नेमका त्याचाच मला संशय आला. जे गाव एवढ्या पटकन आवडतं, ते काहीतरी गळ्यात मारायला बघत असतं. फ्लॅट घेताना सॅम्पल फ्लॅट बघून मला असंच बरं वाटलं होतं.

तिसऱ्या रविवारी महाड.

गाडी बाजारपेठेच्या तोंडाशी लावली, तिथेच पहिली चूक झाली. सगळ्या गाड्या एमएच शून्य सहा, माझी एकटी सेहेचाळीस. उतरतोय तोवर एका पानवाल्याने पाटी वाचली, मला वाचलं आणि म्हणाला, "पनवेल साईडचे वाटतं! तळं बघितलंत का?" म्हटलं, चवदार तळ्यावरच निघालोय. आणि खरंच आधी तिथे गेलो. सोंगासाठी गेलो होतो, पण त्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर सोंग विसरायला झालं. थोडा वेळ मी कोणाचाही बाप नव्हतो आणि कोणावर संशयही घेत नव्हतो.

मग बाजारपेठ. खाली दुकानं, वर लाकडी सज्जे, काही दुकानांना अजून उभ्या फळ्यांची दारं. आणि सगळ्या भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या वर, एक मळकट आडवी रेघ. सगळ्या घरांना एकाच उंचीवर. मी एका भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि हात वर करून बघितला. हात पोहोचला नाही.

"पाणी आलेलं," बायको हळूच म्हणाली. आमची मुलगी माझ्याहून चार बोटं बुटकी आहे.

मुलाचं घर सापडायला वेळ लागला नाही. औषधांचं दुकान रविवारचं बंद, बाजूच्या दाराला भलंमोठं कुलूप. म्हणजे घरी कोणी नाही. फार छान, म्हटलं, यासारखा मुहूर्त नाही. समोर चहा-भजीचं दुकान होतं. बायकोला तिथे बसवलं, स्वतः भिंतीच्या आडोशाला उभा राहिलो आणि त्या कुलपावर नजर ठेवली.

आणि मग मी जे बघितलं त्याने माझ्या अंगावर काटा आला.

एक लुंगीवाला आला. खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, डोक्यावरचा मोठा खोका आत ठेवून आला, कुलूप लावून गेला. ठीक आहे, घरगडी असेल. थोड्या वेळाने हिरव्या साडीतली एक बाई आली. तिच्या कमरेलाही किल्ली! उघडलं, ट्रंक आत नेली, रिकाम्या हाताने बाहेर. मग समोरच्या सलूनमधला न्हावी हात पुसत आला. तोही किल्ली काढतोय! तो आत जाऊन नुसती एक पितळी समई ठेवून आला.

मी बायकोकडे धावलो. "अगं, या घराची किल्ली सगळ्या गावाकडे आहे."

"मग?"

"मग काय मग? घर आहे की धर्मशाळा? आपल्याकडे पाहुणा आला तरी गेटवरून फोन येतो, आपण हो म्हटल्याशिवाय लिफ्टपर्यंत पोचत नाही. आणि इथे मालक नसताना लोक सामान आणून टाकतायत. हे काहीतरी लफडं आहे. चोरीचा माल असणार."

"समई?" बायको म्हणाली. "चोरीची समई वाती लावून ठेवतात का? भजी खा, गार होतायत."

आता वडिलांचा सिद्धांत. मी सलूनमध्ये जाऊन खुर्चीत बसलो. सकाळीच दाढी केली होती. न्हाव्याने गालावरून अंगठा फिरवला आणि फेस लावायला लागला.

"समोरचं घर जुनं दिसतं," मी सुरुवात केली.

"हाय की. आपन कुटले?"

"नवी मुंबई. मी जुन्या वास्तूंचा अभ्यास करतो."

"असं होय. आनि मुली किती तुमाला?"

"एक." हा प्रश्न कुठून आला ते मला कळलं नाही.

"काय करते?"

"फार्मसी झालंय."

वस्तरा थांबला. न्हाव्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, मी आरशातून त्याच्याकडे. मग तो पुन्हा कामाला लागला आणि गोड आवाजात म्हणाला, "वास्तूंचा अभ्यास करता, मग जरा वर बगा की वो. वर लाकडाची नक्षी हाय, लोक फोटो काडायला येतात. तुमी मगापासून नुसतं कुलुपाकडं बगताय."

दाढी झाल्यावर मी बाहेर आलो तो फार अस्वस्थ होऊन. चौकशी करायला गेलो आणि माझीच झाली. वडिलांच्या वेळचे न्हावी असे नव्हते.

तेवढ्यात दोन माणसं एक शिलाई मशीन उचलून घेऊन आली, मागे एक मावशी सूचना देत होत्या. "जपून वो, चाक निगेल." दार उघडलं, मशीन आत गेलं आणि तिघंही दुसरं काही आणायला गेली. दार उघडं. टेबलावर न बघितलेली फाइल उघडी पडली असताना मी कधी मान वळवली नाही. आजही वळवता आली नाही. मी आत शिरलो.

अंधारा बोळ, मग जिना. वर एक भलाथोरला माळा, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यावर अख्ख्या गावाचा संसार. ट्रंका, मिक्सर, तांदळाची पोती, देवांच्या तसबिरी, एक हार्मोनियम, लग्नातला सुटाबुटातला फोटो, कोणाची तरी व्हीलचेअर, भजनी मंडळाचे टाळ एका परातीत. प्रत्येकावर खडूने कुठल्या घराचं ते लिहिलेलं. मी त्या हार्मोनियमवर हात ठेवून उभा होतो आणि विचार करत होतो की हे पोलिसांना कळवायचं की आधी मुलीला.

खाली कडी वाजली. मग कुलूप.

मावशी दुसरं सामान ठेवून, कुलूप लावून गेल्या होत्या.

मी खाली धावलो, दार हलवून बघितलं. हाक मारायची तर कोण म्हणून? म्हणून परत वर आलो आणि सज्जात गेलो. समोर खाली बायको तिसरी प्लेट भजी खात होती.

"शुक," मी म्हणालो. "शुक शुक."

बायको सोडून सगळ्या बाजारपेठेने वर बघितलं.

मग तिनेही बघितलं. "अहो! तुम्ही तिथे काय करताय?"

"वास्तू बगतायत," न्हावी सलूनच्या दारातून म्हणाला. "आता आतून."

क्षणात गर्दी जमली. आणि त्या एका कुलपासाठी चारही बाजूंनी किल्ल्या धावत आल्या. लुंगीवाल्याची, हिरव्या साडीची, मावशीची, पानवाल्याचीसुद्धा. पण न्हाव्याने हात आडवा केला. "थांबा. उगडू नका. आदी मालकाला इचारू." त्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावून फोन वर धरला.

"बोल रे," पलीकडून भारदस्त आवाज आला. हे मुलाचे वडील. मी सज्जाचा कठडा घट्ट धरला.

"काका, तुमच्या माळ्यावर एक पाहुना अडकलाय. नवी मुंबईचा हाय. वास्तूंचा अभ्यास करतो म्हनं. मुलगी फार्मसी झालेली हाय."

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. मग, "नाव विचार."

न्हाव्याने वर बघितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी नाव सांगितलं.

"खारघरचे?" आवाज एकदम चढला. "अरे, मी त्यांच्याच गेटवर उभा आहे!"

बायकोच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

हळूहळू उलगडा झाला. मुलाचे आईवडील पहाटेच्या एसटीने खारघरला गेले होते. मुलाला सांगितलं होतं पनवेलला पूजेला जातोय म्हणून. तो माणगावला औषधांच्या कामाला गेला होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनीही चौकशीलाच जायचं ठरवलं होतं. फक्त आमच्या गावी न्हाव्याच्या खुर्चीत बसून चालत नाही. गेटवर वॉचमनने विचारलं, "किसके घर जाना है?" यांना नंबर सांगायचा नव्हता. म्हणाले, असंच, फ्लॅट बघायला. "तो ब्रोकर के साथ आओ." दुपार उन्हात गेटबाहेर काढलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं नाव सांगून विचारत होते, माणसं कशी आहेत हो?

"सकाळपासून विचारतोय," ते फोनवर सांगत होते, आणि न्हावी प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. "तुमच्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही. चांगलंही बोललं नाही. कोणी काही बोललंच नाही! तुमच्या मजल्यावरचा एक माणूस भेटला. म्हणाला, समोर कोणीतरी राहतं खरं. आम्हाला सांगा, आम्ही काय समजायचं?"

मला आठवलं, समोरच्या फ्लॅटवाल्याचं नाव मलाही माहीत नव्हतं. दारावर नंबर आहे, तेवढं पुरे होतं.

मग फोनवर मुलाच्या आई आल्या. आवाज शांत, पण त्यातली धार मला वरपर्यंत लागली. "हे बघा, मला एकच मुलगा. जिच्या आईवडिलांना चार माणसं ओळखत नाहीत, ती मुलगी आमच्या गल्लीत कशी निभावणार? इथे पाणी आलं की गल्ली एक होते. जिला शेजार कशाला म्हणतात तेच माहीत नाही, तिने काय करायचं? मी तर निम्मं ठरवून टाकलंय, नको म्हणून."

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. ते जास्त वाईट होतं. मुलीने पाच वर्षं सांभाळलेली गोष्ट मी एका कुलपात आणि एका गेटवर अडकवून ठेवली होती.

"आधी मला बाहेर तरी काढा," मी म्हणालो.

न्हाव्याने फोनवर विचारलं, "काका, उगडू का?"

"थांब जरा," मुलाचे वडील म्हणाले. "त्यांनी आम्हाला आत घेतलं, की तू त्यांना बाहेर काढ."

गल्लीला हा न्याय फार पटला. पण आमची किल्ली माझ्या खिशात, आणि मी त्यांच्या माळ्यावर. दुसरी किल्ली फक्त मुलीकडे. ती बेलापूरला मैत्रिणीकडे गेलेली. म्हणजे तिला फोन करायचा, म्हणजे सांगायचं. सगळ्या बाजारपेठेसमोर, सज्जातून. शेजारी कोणी असता, कोणाकडे किल्ली असती, तर तेवढं टळलं असतं. मी हा हिशोब दोनदा करून बघितला आणि फोन लावला.

"बाबा? कुठल्या गावाला गेलाय आज?"

"महाडला," मी म्हणालो. "त्यांच्या घरात आहे. आत. कुलूप बाहेरून आहे. आणि ते आपल्या गेटवर आहेत."

खाली सगळी बाजारपेठ मान वर करून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही काही करू नका. कशाला हात लावू नका. कोणाला काही विचारू नका. मी जाते." आणि फोन ठेवला.

मी हार्मोनियमवरचा हात काढून घेतला होताच.

ती मेट्रोने खारघरला पोचेपर्यंत गल्लीने मला उपाशी ठेवलं नाही. सज्जातून दोरीला टोपली बांधून चहा वर पाठवला. आणि खाली उभं राहून एकेकाने मला माळा समजावून सांगितला. हे घर गल्लीत सगळ्यात उंच. पावसाळ्याच्या तोंडावर जो तो आपलं भिजू नये असं काही इथे आणून ठेवतो. पाणी रात्री-अपरात्री येतं, मालक घरी असतील-नसतील, म्हणून किल्ली सगळ्यांकडे. "एका साली पानी वर आलं तेवा या माळ्यावर आमी सगली बसलो होतो," हिरव्या साडीच्या बाई म्हणाल्या. "ती चाकाची खुर्ची बगितलीत ना? ती माज्या सासूची. सासूलाच पयली वर घेतली होती." आणि न्हावी म्हणाला, "समई माजी हाय वो. चोरीची नाय." म्हणजे बायकोचं तेही सांगून झालं होतं.

पाणी आलं तर तिला सोडून पळतील की हात धरतील, हे विचारायला मी आलो होतो. उत्तर माझ्या मागे, खडूच्या अक्षरांत, ओळीने मांडून ठेवलेलं होतं, आणि मी ते चोरीचा माल म्हणून मोजत होतो.

तासाभराने न्हाव्याचा फोन वाजला. "उघड," एवढंच मुलाचे वडील म्हणाले. किल्ल्यांची चढाओढ मावशींनी जिंकली.

आमच्या घरात नक्की काय बोलणं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मुलीने गेटवर वॉचमनला सांगितलं, "हे माझे सासूसासरे आहेत," एवढं वॉचमनकडून समजलं. आता तो मला ओळखतो. पुढचं मुलाच्या आईंनी बायकोला फोनवर सांगितलं. मुलगी आवडली. चहा आवडला. मुलीने त्यांना सांगितलं की माझ्या बाबांना कोणी ओळखत नाही कारण ते कोणाला ओळखत नाहीत, ते वाईट नाहीत, घाबरट आहेत. तेवढ्यावर त्यांनी हो म्हटलं, पण एक अट घातली. लग्नाला आमच्या बिल्डिंगीतली माणसं आली पाहिजेत. नातेवाईक नव्हे, शेजारी. "आमची सगळी गल्ली असणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूला नुसत्या पाहुण्यांच्या खुर्च्या नकोत."

मुलगी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग एका सकाळी माझ्या चपला सरळ करून ठेवलेल्या दिसल्या. यावेळी मला संशय आला नाही. म्हणजे आला, पण मी कोणाला सांगितला नाही.

मी घराची एक जास्तीची किल्ली करून घेतली आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दार साखळीएवढं उघडलं. फटीत एक डोळा आणि अर्धी मिशी.

"मी समोरचा," मी म्हणालो.

"हां. बोला."

"मुलीचं लग्न आहे. दिवाळीनंतर. महाडला. तुम्ही सगळ्यांनी यायचंय." आणि किल्ली पुढे केली. "आणि ही आमची किल्ली. असू द्या तुमच्याकडे."

त्याने किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागे बघितलं, कोणी आहे का. ही नजर मला चांगली ठाऊक होती. मी ती आयुष्यभर वापरली आहे.

"कशाला?"

"असू द्या. पाणीबिणी आलं तर."

"सहाव्या मजल्यावर?"

मी किल्ली तशीच पुढे धरून ठेवली. मग साखळी न काढताच फटीतून हात बाहेर आला आणि दोन बोटांत किल्ली धरून आत गेला. मला वाटलं, आता दार लागणार. पण लागलं नाही.

"महाड म्हणजे ते पुराचं ना?" आतून आवाज आला. "एकुलती एक मुलगी देताय. घराची चौकशी वगैरे केलीत का नीट?"

"केली," मी म्हणालो. "आत जाऊन केली."